‘चर्च म्हणतं म्हणून’ चालणार नाही!

ट्रॉली प्रॉब्लेम ठाऊक नसलेला आर्ट्सचा विद्यार्थी आता शोधूनच काढावा लागेल. ब्रेक निकामी झालेली ट्राम, एका रुळावर पाच माणसं, दुसऱ्यावर एक, आणि निर्णय तुमच्या हातात. फिलॉसॉफीच्या पहिल्या लेक्चरपासून इन्स्टाच्या मीम्सपर्यंत ही ट्राम धावतेच आहे. ड्रायव्हरविना चालणाऱ्या गाड्यांवर प्रेझेंटेशन असेल तर ती हमखास एखाद्या स्लाइडवर येऊन उभी राहते. पण ही ट्राम पहिल्यांदा सुटली कुठून?

उत्तर थोडं अनपेक्षित आहे. १९६७मध्ये ऑक्सफर्डच्या फिलिपा फूट यांनी एक निबंध लिहिला. विषय होता गर्भपात आणि कॅथलिक नीतिशास्त्रातलं एक जुनं तत्त्व, ‘डबल इफेक्ट’ म्हणजे दुहेरी परिणामाचं तत्त्व. ते तपासायला म्हणून त्यांनी जी उदाहरणं रचली, त्यातलं एक म्हणजे ही ट्राम. गंमत अशी, की फूट स्वतः नास्तिक होत्या. पोप काय म्हणतात याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. मग एका नास्तिक बाईंनी कॅथलिकांचं तत्त्व इतकं मनावर का घेतलं? त्याचं एक मोठं कारण म्हणजे त्यांची मैत्रीण, सहकारी आणि वादातली कायमची प्रतिस्पर्धी एलिझाबेथ अ‍ॅन्सकम.

कॉलेजातल्या वादात धर्माची नैतिक भूमिका आली की गाडी साधारण दोनच ठिकाणी अडकते. एक जण म्हणतो, ‘आमच्यात तसं सांगितलंय.’ दुसरा म्हणतो, ‘तुमचा धर्म तुमच्या घरी.’ संपला वाद! अ‍ॅन्सकम यांनी हॉस्टेलच्या दिवसांपासून म्हातारपणापर्यंत तिसरा रस्ता धरला. भूमिका शंभर टक्के कॅथलिक, पण मांडणी अशी की समोरच्याला देव मानायची गरज नाही, फक्त विचार करायची तयारी हवी.

विसाव्या वर्षी छापलेलं पत्रक

एलिझाबेथचा जन्म १९१९चा, आयर्लंडमधल्या लिमरिकचा. वडील ब्रिटिश सैन्यात अधिकारी. घर काही कॅथलिक नव्हतं. शाळकरी वयात हाताला लागतील ती पुस्तकं वाचता वाचता ती या धर्माकडे ओढली गेली. १९३७मध्ये ती ऑक्सफर्डच्या सेंट ह्यूज या मुलींच्या कॉलेजात आली आणि पहिल्याच वर्षात, १९३८मध्ये तिने रीतसर कॅथलिक पंथ स्वीकारला.

पुढच्याच वर्षी, ३ सप्टेंबर १९३९ला ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. तेव्हाचं वातावरण डोळ्यांसमोर आणा. समोर हिटलर. पोलंड चिरडला जातोय. वर्गातली मुलं भरतीसाठी नावं नोंदवताहेत. अशा वेळी एलिझाबेथ आणि तिचा मित्र नॉर्मन डॅनियल या दोघा विद्यार्थ्यांनी एक पत्रक छापलं: ‘सध्याच्या युद्धाच्या न्याय्यतेची तपासणी’. ‘इस्लाम अँड द वेस्ट’ या पुस्तकामुळे पुढे नावाजलेला अभ्यासक तो हाच डॅनियल. आमची टीका पारंपरिक कॅथलिक तत्त्वांवर आधारलेली आहे, असं त्यांनी पत्रकावरच जाहीर केलं होतं.

त्यांचं म्हणणं हिटलरच्या बाजूचं मुळीच नव्हतं. पोलंडवर अन्याय झालाय आणि त्याविरुद्ध उभं राहणं हे न्याय्य कारण असू शकतं, हे त्यांना मान्य होतं. पण कॅथलिक परंपरेत न्याय्य युद्धाला नुसतं न्याय्य कारण पुरत नाही. हेतू सरळ हवा, साधनं न्याय्य हवीत, आणि युद्धातून होणारं भलं नुकसानीपेक्षा मोठं हवं. या अटींतली एकही मोडली तरी युद्ध न्याय्य राहत नाही. एलिझाबेथची शंका साधनांबद्दल होती. आपलं सरकार शत्रूच्या साध्या नागरिकांनाही लक्ष्य करील, असं तिने लिहिलं. जर्मन शहरांवर ब्रिटिश बॉम्ब पडायला तेव्हा सुरुवातही झाली नव्हती.

आता महाभारतातला अश्वत्थामा आठवा. वडिलांना अर्धसत्य सांगून, शस्त्र खाली ठेवायला लावून मारलं, हा त्याचा राग आपल्याला कळतो. पण रात्री छावणीत शिरून झोपलेल्या द्रौपदीपुत्रांना त्याने मारलं, हे आपण माफ करत नाही. कारण समजतं, साधन पटत नाही. एलिझाबेथ आणि डॅनियल नेमकं हेच म्हणत होते. फक्त ते स्वतःच्याच छावणीकडे बोट दाखवून म्हणत होते.

पत्रकाचं पुढे काय झालं? सरकारने नाही, चर्चनेच ते थांबवलं. चर्चची रीतसर परवानगी न घेता त्यावर ‘कॅथलिक’ हा शब्द वापरलाय, ते मागे घ्या, असा बिशपांचा निरोप आला. दोघांनी ऐकलं आणि पत्रक मागे घेतलं. चर्चच्या शिकवणीची बाजू घेणाऱ्या विद्यार्थ्यांना चर्चच्याच अधिकाऱ्याने गप्प केलं! इथे एक फरक लक्षात घेण्यासारखा आहे. तिने पत्रक मागे घेतलं, मत नाही.

आणि ती शंका खरी ठरली. फेब्रुवारी १९४२मध्ये ब्रिटिश हवाई दलाला आदेश गेला, की बॉम्बफेकीचा मुख्य रोख शत्रूच्या नागरिकांच्या, विशेषतः कामगारांच्या मनोधैर्यावर ठेवा. जुलै १९४३मध्ये हॅम्बुर्ग जळालं, फेब्रुवारी १९४५मध्ये ड्रेस्डेन.

‘होणार हे माहीत होतं’ आणि ‘तेच करायचं होतं’

या सगळ्याच्या मुळाशी दुहेरी परिणामाचं तत्त्व आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी स्वसंरक्षणाची चर्चा करताना त्याचा पाया घातला. साध्या भाषेत सांगायचं तर असं: एका कृतीचे दोन परिणाम होऊ शकतात. एक, जो साधण्यासाठी आपण ती कृती करतो. दुसरा, जो होणार हे दिसतंय, पण तो आपल्याला नकोय आणि आपलं काम त्याच्यावर अवलंबूनही नाही. दारूगोळ्याच्या कारखान्यावर बॉम्ब टाकला आणि शेजारच्या वस्तीत माणसं मेली, तर ते भयंकरच. त्याचा हिशेब द्यावाच लागेल, आणि नुकसान प्रमाणाबाहेर असेल तर हल्लाही चूकच. पण वस्तीतली माणसं मरावीत, घाबरावीत आणि म्हणून सरकारने शरण यावं, यासाठीच वस्तीवर बॉम्ब टाकला, तर तिथे मरण हेच साधन झालं. चर्चच्या शिकवणीनुसार निरपराधाला असं जाणूनबुजून मारणं कधीच चालत नाही. हेतू कितीही मोठा असो.

हे नुसतं युद्धापुरतं नाही. आपल्याकडे वादविवाद स्पर्धेत इच्छामरण हा विषय दर वर्षी कुठे ना कुठे असतोच. केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानभाग यांच्या प्रकरणात २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि २०१८च्या निकालाने ‘लिव्हिंग विल’ला मान्यता मिळाली. स्टेजवर मात्र आपण ‘दयामरण हवं’ आणि ‘दयामरण नको’ एवढेच दोन गट पाडतो. कॅथलिक शिकवण इथे तीन वेगळ्या कृती पाहते. रुग्णाला नुसता त्रास देणारे, फायदा नसलेले उपचार थांबवणं चालतं. वेदना कमी करण्यासाठी औषध देणं चालतं, त्याने आयुष्य थोडं कमी होण्याची शक्यता असली तरी. पोप पायस बारावे यांनी १९५७मध्ये भूलतज्ज्ञांसमोर बोलताना हे स्पष्ट केलं होतं. मरण यावं म्हणूनच इंजेक्शन देणं मात्र चालत नाही. हे पटलंच पाहिजे असं नाही. पण ‘चर्च म्हणजे रुग्णाला शेवटपर्यंत नळ्या लावून ठेवा म्हणणारे’ असं कुणी स्टेजवरून ठोकून दिलं, तर त्याने होमवर्क केलेला नाही, एवढं तुम्ही नक्की सांगू शकता.

या तत्त्वात एक पळवाट मात्र आहे आणि ती अ‍ॅन्सकमबाईंनी स्वतःच उघड करून दाखवली. १९६१मध्ये त्यांनी लिहिलं, की हे तत्त्व वापरण्यात कॅथलिक विचारवंतांनीच चलाखी केलीय. बॉम्ब शहरावर टाकायचा आणि मनातल्या मनात म्हणायचं, ‘माझा हेतू फक्त कारखान्याचा होता.’ हेतू असा मनात पुटपुटून ठरत नसतो. तुम्ही काय करता आहात आणि ते कशासाठी, हे तुमच्या कृतीतूनच दिसतं. आपल्या बाजूचं तत्त्व वाचवायचं असेल, तर आपल्या बाजूची लबाडी आधी उघडी पाडावी लागते.

आपल्याच बाजूचा कच्चा मुद्दा

युद्धानंतर ऑक्सफर्डमध्ये ‘सोक्रॅटिक क्लब’ जोरात होता. ख्रिस्ती आणि नास्तिक समोरासमोर बसायचे, एकाने निबंध वाचायचा, दुसऱ्याने उत्तर द्यायचं आणि मग विद्यार्थ्यांनी प्रश्नांचा भडिमार करायचा. क्लबचे अध्यक्ष सी. एस. लुईस, होय, नार्नियावाले. लुईस म्हणजे ख्रिस्ती बाजूचे स्टार वक्ते. वादात त्यांना हरवणं सोपं नव्हतं.

२ फेब्रुवारी १९४८ला त्यांच्या समोर उभ्या राहिल्या अ‍ॅन्सकमबाई. वय २८, सॉमरविल कॉलेजात संशोधक. लुईस यांनी ‘मिरॅकल्स’ या पुस्तकात युक्तिवाद केला होता: सगळं जग जर निसर्गाच्या आंधळ्या कारणांनी चालत असेल, तर आपले विचारही त्याच कारणांतून आलेत, मग त्यांच्यावर विश्वास का ठेवायचा? म्हणजे निसर्गाखेरीज काही नाही हा विचारच स्वतःला खोटं पाडतो. बाईंना लुईस यांचा निष्कर्ष अमान्य नव्हता. त्यांना युक्तिवाद कच्चा वाटला. एखादं मत मेंदूत कोणत्या कारणाने आलं आणि ते खरं मानायला आधार काय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लुईस यांनी त्यांची गल्लत केलीय, असं त्यांनी दाखवून दिलं. लुईस यांनी पुढे ते प्रकरण दुरुस्त केलं, १९६०च्या आवृत्तीत ते नव्या रूपात आलं, आणि त्यातल्या प्रामाणिकपणाची बाईंनी नंतर दादही दिली.

आपल्याकडे कल्पना करून बघा. डिबेटमध्ये आपल्याच टीमच्या कॅप्टनला ‘सर, हा मुद्दा टिकत नाही’ असं भर सभेत सांगायचं! पण कच्च्या मुद्द्यावर उभं केलेलं खरं मतही पहिल्या धक्क्याला कोसळतं, आणि मग लोक मुद्द्याबरोबर मतही फेकून देतात.

ट्रुमन यांना डिग्री? नाही!

१९५६मध्ये ऑक्सफर्डने अमेरिकेचे माजी अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांना मानद पदवी द्यायचं ठरवलं. ६ ऑगस्ट १९४५ला हिरोशिमावर आणि ९ ऑगस्टला नागासाकीवर अणुबॉम्ब पडला तो ट्रुमन यांच्या कारकिर्दीत. वर्ष संपेपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार आणि नागासाकीत सुमारे ७० हजार माणसं गेली. नागासाकीचा बॉम्ब फुटला तो उराकामी भागात, जपानमधल्या सर्वांत मोठ्या कॅथलिक वस्तीवर, तिथल्या कॅथेड्रलपासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर.

१ मे १९५६ला विद्यापीठाच्या सभेत असे प्रस्ताव एरवी झोपेत मंजूर व्हावेत तसे मंजूर होत. त्या दिवशी मात्र सभागृह भरलं होतं. ‘बायका काहीतरी गडबड करणार आहेत, त्यांना हाणून पाडा’ असा निरोप काही प्राध्यापकांत फिरला होता, असं बाईंनी नंतर लिहिलं. त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी सरळ सांगितलं: निरपराधांना साधन म्हणून मारणं हा खून आहे, आणि अशा माणसाचा सन्मान करणं म्हणजे त्या कृतीत सहभागी होणं.

विरुद्ध बाजू दुबळी नव्हती. बॉम्ब टाकला नसता तर जपानवर चढाई करावी लागली असती, आणि त्यात दोन्हीकडची कितीतरी माणसं मेली असती. बाईंनी हे नाकारलंच नाही! त्या परिस्थितीत बॉम्बने बरेच जीव वाचले असतील, हे त्यांनी मान्य केलं. त्यांचा प्रश्न त्याच्या आधीचा होता. ती परिस्थिती आली कुठून? ‘विनाअट शरणागती’शिवाय काहीच ऐकणार नाही, हा हट्ट कुणाचा होता? आणि जीव वाचतात म्हणून लहान मुलांना मारणं चालणार असेल, तर मग न चालणारं असं काही उरतं का?

ट्रुमन यांच्या बाजूने बोलले अ‍ॅलन बुलक, हिटलरचं चरित्र लिहिणारे इतिहासकार. निर्णय एकट्या ट्रुमन यांचा नव्हता, अनेकांच्या सल्ल्याने झाला, असा त्यांचा सूर होता. आदेशाखाली फक्त सही आहे, म्हणून माणूस जबाबदार ठरत नाही का, असं बाईंनी पुढे छापलेल्या पत्रकात खवचटपणे विचारलं.

निकाल? दणदणीत पराभव. विरोधात अगदी मोजके आवाज निघाले. त्यांत एक होता फिलिपा फूट यांचा, त्याच पुढे ट्रॉली प्रॉब्लेम लिहिणाऱ्या. त्यांचे आजोबा ग्रोव्हर क्लीव्हलँड हे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते. अध्यक्षांची नात अध्यक्षांच्या सन्मानाविरुद्ध उभी राहिली, तीही कॅथलिक मैत्रिणीसोबत, स्वतः नास्तिक असून. जूनमध्ये ट्रुमन आले आणि पदवी घेऊन गेले.

हरल्यावर काय होतं?

आपल्याकडे ‘साधनशुचिता’ हा गांधी-विनोबांच्या विचारातून रुळलेला शब्द आहे. अ‍ॅन्सकमबाईंचं म्हणणं त्याच्या जवळचं वाटतं, पण त्या अहिंसावादी नव्हत्या. उलट त्यांचं म्हणणं असं, की ‘सगळीच हिंसा सारखीच वाईट’ असं सांगितलं, की ज्यांना लढावंच लागतं ते म्हणतात, ‘मग वाईट करायचंच आहे, तर मर्यादा कशाला?’ सैनिकाशी लढणं आणि बाळाला मारणं यातला फरक पुसला, की बळी बाळाचा जातो. गांधींना मानणाऱ्यांनी या मुद्द्याला उत्तर शोधून बघावं. सोपं नाही.

१९५८मध्ये त्यांनी ‘मॉडर्न मॉरल फिलॉसॉफी’ हा गाजलेला निबंध लिहिला. कृतीची बरी-वाईट पारख फक्त परिणामांवरून करणाऱ्या विचाराला त्यांनी नाव दिलं, ‘कॉन्सिक्वेन्शिअलिझम’. आज जगभरच्या सिलॅबसमध्ये असलेला हा शब्द त्यांचा. त्याच निबंधात त्यांनी एक टोकाचं विधानही केलं: निरपराधाला फाशी देणं कधीकधी योग्य असू शकतं का, हा प्रश्न ज्याला आधीपासूनच खुला वाटतो, त्याच्याशी मला वाद घालायचा नाही. हे आजही अनेकांना खटकतं. वादासाठी ओळखल्या जाणाऱ्या बाईंनीच दार लावून घ्यावं? की काही दारं बंद असावीत, म्हणजेच वादाला अर्थ राहतो? वर्गात यावर एक तास सहज जाईल.

आणि ज्या चर्चच्या अधिकाऱ्याने १९३९मध्ये ते पत्रक थांबवलं होतं, त्याच चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ला जाहीर दस्तऐवजात म्हटलं, की सबंध शहरं सरसकट नष्ट करणारी युद्धकृती हा देव आणि मानव दोघांविरुद्धचा गुन्हा आहे. दोघा विद्यार्थ्यांचं म्हणणं २६ वर्षांनी अधिकृत झालं.

सोयीचं तेवढंच? जमणार नाही

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, बाई एकदम कूल! थांबा. २५ जुलै १९६८ला पोप पॉल सहावे यांनी ‘ह्युमाने व्हिते’ हे परिपत्रक काढलं आणि कृत्रिम संततिनियमन चुकीचं असल्याची भूमिका कायम ठेवली. साल बघा, १९६८. जगभरची विद्यापीठं पेटलेली. कितीतरी कॅथलिकांनी, धर्मगुरूंनीही उघड विरोध केला. अ‍ॅन्सकमबाई पोपच्या बाजूने उभ्या राहिल्या. १९७२मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला. मुद्दा पुन्हा हेतूचाच: सुरक्षित काळाची वाट पाहणारं जोडपं आणि साधन वापरणारं जोडपं यांचं उद्दिष्ट एक असेल, पण दोघं जे करतात ती कृती वेगळी आहे, असं त्यांचं म्हणणं. बर्नार्ड विल्यम्स आणि मायकेल टॅनर या तत्त्वज्ञांनी त्यावर कडक हल्ला चढवला, बाईंनी उत्तर दिलं. वाचणाऱ्यांपैकी अनेकांना, अनेक कॅथलिक स्त्रियांनाही, हा फरक तेव्हा पटला नाही आणि आजही पटत नाही. गर्भपाताला तर त्यांचा विरोध इतका, की उतारवयात केंद्रासमोर धरणं धरल्यावर पोलिसांनी त्यांना उचलून नेलं.

बॉम्बविरोधी मंडळींना त्या अर्ध्या आवडायच्या, परंपरावाद्यांना उरलेल्या अर्ध्या. बाईंच्या मते मात्र ते दोन अर्धे नव्हतेच. हिरोशिमाचं मूल आणि पोटातलं मूल यांना एकच नियम लागू, असं त्या म्हणायच्या. तुम्ही यातल्या एका ठिकाणी त्यांच्याशी सहमत असाल आणि दुसऱ्या ठिकाणी नसाल, तर हरकत नाही. पण मग दोन्हीकडे फरक नेमका कुठे पडतो, हे सांगायची जबाबदारी तुमची. फिलिपा फूट यांनी तेच केलं. सॉमरविलमध्ये दुपारच्या जेवणानंतर दोघी तासन्‌तास वाद घालायच्या. बाई प्रत्येक मुद्दा खोडून काढायच्या आणि फूट दुसऱ्या दिवशी नवा आक्षेप घेऊन हजर. १९६७च्या निबंधात फूट यांनी दुहेरी परिणामाचं तत्त्व मान्य केलं नाही. पण आधी ते नीट मांडलं, त्याची ताकद कबूल केली आणि मग स्वतःचा पर्याय दिला: मदत करण्याच्या कर्तव्यापेक्षा इजा न करण्याचं कर्तव्य मोठं. आजच्या मीममधली ट्राम त्या मैत्रीतून सुटलेली आहे.

वसई, वांद्रे किंवा मडगावच्या एखाद्या कॅथलिक मित्राला कट्ट्यावर कुणी ना कुणी विचारतंच, ‘तुमचं चर्च अजून त्या जमान्यातच का?’ त्याच्यासाठी या गोष्टीत तयार उत्तरं नाहीत, पद्धत आहे. ‘चर्च म्हणतं’ हे वाक्य शेवटी ठेव, आधी कारण सांग. समोरच्याचा सर्वांत भक्कम मुद्दा स्वतःच्या तोंडाने मांड. आपल्या बाजूचा कच्चा मुद्दा सर्वांत आधी तू पकड. नियम आपल्या देशाला, आपल्या गटाला, आपल्या नेत्याला लावून दाखव, मगच इतरांना लाव. आणि प्रश्न विचारणाऱ्या मित्रासाठीही गृहपाठ आहे: ज्या भूमिकेची टिंगल करतोयस, ती तिच्या माणसाला पटेल इतकी नीट एकदा मांडून दाखव. फूट यांना ते जमलं होतं.

अ‍ॅन्सकमबाई पुढे केंब्रिजमध्ये त्यांचे गुरू विट्गेनस्टाइन यांच्याच खुर्चीवर प्राध्यापक झाल्या आणि ५ जानेवारी २००१ला गेल्या. ट्रुमन यांची डिग्री त्या अडवू शकल्या नाहीत. पण त्या सभेत ‘हो’ म्हणणाऱ्या शेकडो विद्वानांपैकी किती जणांचा युक्तिवाद आज कुणाला आठवतो?